नावेची मोजणी: सांगलीत राहून बुडालेली जहाजं कशी पाहावीत, कशी टिपावीत

सांगलीहून समुद्र पावणेदोनशे किलोमीटरवर, आणि मला पोहता येतं ते कृष्णेपुरतं. तरी निवृत्तीनंतरचा माझा बराचसा वेळ बुडालेल्या जहाजांत जातो. नोकरीभर जमिनीची मोजणी केली. आधी शंकू-साखळी, मग प्लेन टेबल, शेवटी टोटल स्टेशन. २०२३ च्या मे महिन्यात टायटॅनिकचं अख्खं त्रिमितीय मॉडेल प्रसिद्ध झालं, तेव्हा घरातल्यांनी त्यातली गंजलेली नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पाहिली. मला त्यात मोजणी दिसली, आणि तीही आम्ही करायचो त्याच जातीची.

तेव्हापासून गावभागातली दोन-चार पोरं अधूनमधून येतात, "काका, आम्हाला पण शिकवा" म्हणतात. त्यांना तोंडी सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून काढतोय. सामान फार लागत नाही. एक बरा फोन, पाच मीटरचा टेप, कुणाचा तरी गेमिंगचा कॉम्प्युटर (माझा पुतण्याचा आहे, रात्री दहानंतर मिळतो) आणि नदीकाठी पालथी घातलेली एक लाकडी नाव. पाण्यात उतरायची गरज नाही. समुद्रातल्या जहाजाची मोजणी आणि घाटावरच्या नावेची मोजणी यांत पाण्याचाच काय तो फरक, आणि त्याचा हिशेबही पुढे येणार आहे.

हे चालतं कसं

प्लेन टेबल ज्यांनी वापरलंय त्यांना एका वाक्यात कळेल. बांधाच्या एका टोकाला टेबल मांडून आंब्याच्या झाडावर पट्टी रोखायची, कागदावर रेघ ओढायची. मग दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा त्याच झाडावर रोखायची. दोन रेघा जिथे छेदतील तिथे झाड. फोटोंवरून मोजणी करायची पद्धत, म्हणजे फोटोग्रामेट्री, हेच करते. दोन फोटोंत एकच खिळा सापडला की दोन रेघा, दहा फोटोंत सापडला की दहा. आणि असे खिळे, गाठी, चिरा, रंगाचे पोपडे लाखोंनी.

त्यातली खरी गंमत उलट दिशेची आहे. जुन्या मोजणीदाराला तीन ओळखीच्या खुणा दिसल्या की आपण स्वतः कुठे उभे आहोत ते तो टेबलावरच काढायचा. सॉफ्टवेअरही प्रत्येक फोटो नेमका कुठून आणि कोणत्या कोनातून काढलाय ते तसंच शोधून काढतं. समुद्रतळाशी या गोष्टीला सोन्याचं मोल आहे, कारण जीपीएसचे सिग्नल पाण्याखाली पोहोचतच नाहीत. कॅमेऱ्याला आपली जागा फोटोंतूनच शोधावी लागते.

टायटॅनिक बुडालं १५ एप्रिल १९१२ ला, सापडलं १ सप्टेंबर १९८५ ला, सुमारे ३,८०० मीटर खोल. सापडल्यानंतर त्याचे जे फोटो आले, ते अंधारात टॉर्च मारल्यासारखे तुकड्या-तुकड्यांचे. २०२२ च्या उन्हाळ्यात दूरनियंत्रित यंत्रं खाली सोडून सात लाखांच्या आसपास फोटो काढले, तेव्हा पहिल्यांदा नाळेकडचा आणि मागचा असे दोन्ही भाग, आणि त्यांच्यामधलं अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर, एका नजरेत आलं. तळाला हात लावायला मनाई होती. ध्रुवप्रवासी शॅकल्टनचं एन्ड्युरन्स हे जहाज अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात ३,००८ मीटरवर २०२२ च्या मार्चमध्ये सापडलं. त्याचं मॉडेल सुमारे पंचवीस हजार फोटोंचं आहे. ते पाण्यात गेलं १९१५ साली, आणि बर्फाळ पाण्यात लाकूड खाणारे किडे नसल्यामुळे डेकवरच्या ताटल्यासुद्धा ओळखू येतात.

आधी बघायला शिका

पोरांना घाई असते फोटो काढायची. मी त्यांना आधी आठवडाभर दुसऱ्यांची मॉडेलं बघायला लावतो.

स्केचफॅब या वेबसाइटवर जगभरच्या बुडालेल्या जहाजांची मॉडेलं फुकट फिरवून बघता येतात. सुरुवात तांबड्या समुद्रातल्या थिसलगॉर्मपासून करा. ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी बुडवलेलं हे ब्रिटिश मालवाहू जहाज तीसेक मीटरवर बसलंय. पोटात मोटरसायकली, ट्रक, तोफगोळे. रेल्वेची इंजिनं डेकवर होती, ती आता शेजारी तळावर पडलीत. २०१७ मध्ये त्याची पद्धतशीर मोजणी झाली, चोवीस हजारांवर फोटो लागले. एवढं मोठं जहाज एवढ्या नेटकेपणाने टिपलेलं फार कमी पाहायला मिळतं.

आता बघायचं कसं? बोटाने गरगर फिरवून "वा!" म्हणणं म्हणजे बघणं नव्हे. पहिली गोष्ट, वरचा रंग काढून टाका. स्केचफॅबमध्ये मॉडेल इन्स्पेक्टर नावाची सोय आहे, त्यातून नुसता करडा आकार दाखवता येतो. रंगीत फोटो चिकटवला की कसलाही खडबडीत आकार सुबक दिसतो, रंग उतरवला की खरं कळतं. कुठे कडा धारदार आहेत आणि कुठे सगळं मेण वितळल्यासारखं झालंय ते पाहा. वितळलेल्या जागी फोटो कमी पडलेत. बहुतेक वेळा ती जागा डेकच्या खालची किंवा पंख्याच्या पाठीमागची असते, जिथे पाणबुड्याला कॅमेरा नेता आला नाही.

दुसरी गोष्ट, माप शोधा. मॉडेलमध्ये कुठेतरी काळी-पांढरी पट्टी ठेवलेली दिसते का? माहितीत लांबी दिलीय का? माप नसलेलं मॉडेल म्हणजे प्रमाण न लिहिलेला नकाशा, माझ्या हाताखालच्या माणसाने असा कागद आणला असता तर मी परत पाठवला असता. तिसरी, तारीख. लोखंडी जहाज दरवर्षी गंजतं, कोसळतं. दोन वेगळ्या सालांची मॉडेलं शेजारी ठेवली तर किती ढासळलं ते मोजून काढता येतं, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. सुंदर चित्रं ही वरकड कमाई.

घाटावरची नाव

होळीनंतर कृष्णेचं पाणी उतरतं, नावा काठावर ओढून पालथ्या घालतात, डागडुजी चालते. हीच वेळ. आयर्विन पुलाच्या आसपास, हरिपुरात वारणेच्या संगमाकडे, कुठेही एखादी लाकडी नाव मिळेल. फायबरची घेऊ नका. गुळगुळीत आणि एकरंगी पृष्ठभागावर सॉफ्टवेअरला धरायला खूण सापडत नाही. जुनी, ठिगळं लावलेली, पोपडे गेलेली नाव उत्तम.

मालकाला आधी विचारा. मी विचारलं तेव्हा नावाडीमामा टेपकडे बघून म्हणाले, "साहेब, नावेचाबी सात-बारा काढताय काय?" मी म्हटलं, "मामा, सात-बारा न्हाई, नुसता नकाशा. हद्दीचं भांडण तुमचं तुम्ही मिटवा." मग त्यांनीच कुठली फळी कधी बदलली ते सांगितलं. तेही लिहून घ्या. कोणतं लाकूड, खिळे कुठले, सांध्यांत काय भरलं, महापुरात नाव कुठे बांधली होती. कॅमेऱ्याला हे दिसत नाही. समुद्रातल्या जहाजाला विचारायला नावाडी नसतो, म्हणून तिथले लोक जुने नकाशे आणि मालाच्या याद्या धुंडाळतात.

उजेडाबद्दल. भर दुपारचं ऊन नको, एका बाजूला लख्ख आणि दुसऱ्या बाजूला काळी सावली पडते. ढगाळ दिवस सर्वांत चांगला. नाहीतर सकाळी सात-साडेसात, नाव पुलाच्या किंवा झाडाच्या सावलीत असताना. ऊन-सावली सरकायच्या आत काम उरकायचं.

नावेच्या बाजूला मापं मांडा. मी मोजणीच्या जुन्या स्टाफचे, म्हणजे आकडे लिहिलेल्या लांब पट्टीचे, तुकडे वापरतो. तुम्ही एक मीटरची लाकडी पट्टी घ्या, दोन टोकांना काळा-पांढरा चौकटीचा छापील कागद चिकटवा आणि दोन चौकटींच्या मध्यांमधलं अंतर टेपने नीट मोजून पट्टीवरच लिहा. अशा दोन पट्ट्या, एक नावेच्या लांबीत, एक आडवी. शिवाय नाळेपासून मागच्या टोकापर्यंतचं सरळ अंतर टेपने मोजून वहीत टिपून ठेवा, पण ते सॉफ्टवेअरला सांगू नका. ते शेवटी कामाला येईल.

आता फोनची तयारी. झूम बंद, फ्लॅश बंद, पोर्ट्रेट आणि ब्युटी असलं काही असेल तर तेही बंद. मुख्य लेन्सच वापरा, फार रुंद दाखवणारी नको. फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर प्रत्येक फोटोत लाकडाचा रंग वेगळा येतो. फोटो पुसट आला तर काम संपलं, म्हणून चालता चालता क्लिक करू नका. थांबा, क्लिक करा, मग सरका.

किती सरकायचं याचा हिशेब आहे. फोनच्या साध्या लेन्सने दीड मीटरवरून साधारण दोन मीटर रुंदी मावते. दोन शेजारच्या फोटोंत ८० टक्के भाग सामाईक हवा, म्हणजे दर ४० सेंटीमीटरला एक फोटो. अर्धं पाऊल समजा. सहा मीटर लांब, दीड मीटर रुंद नावेभोवती दीड मीटर अंतर ठेवून फिरलं तर फेरा होतो २४-२५ मीटरचा. म्हणजे एका फेऱ्यात साठेक फोटो. असे तीन फेरे घाला. एक गुडघ्याच्या उंचीवरून थोडा वर बघत, एक छातीच्या उंचीवरून सरळ, एक हात वर करून खाली बघत. मग नाळ, खिळ्यांच्या रांगा, ठिगळं यांचे जवळून, पण दूरच्या फोटोंपासून हळूहळू जवळ येत. एकदम जवळचा फोटो घेतला तर सॉफ्टवेअरला तो कुठे बसवायचा ते कळत नाही. सगळे मिळून अडीचशे-तीनशे होतात.

बारा मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे चार हजार पिक्सेल. दोन मीटर भागिले चार हजार, म्हणजे एका पिक्सेलमध्ये अर्धा मिलिमीटर. सेंटीमीटरभर रुंद खिळ्याच्या डोक्यावर वीस पिक्सेल बसतात, पुरेसं आहे. तीन मीटरवरून तोच फोटो घेतला तर दहाच. हा भागाकार फोटो काढायच्या आधी करायचा असतो, नंतर करून उपयोग नाही.

काही गोष्टी त्रास देतात. नुकतं डांबर मारलेली नाव चकाकते, ती चकाकी तुमच्याबरोबर सरकते आणि सॉफ्टवेअर फसतं. डांबर महिनाभर जुनं होऊ द्या. नदीचं पाणी फोटोत जितकं कमी येईल तितकं बरं. कुत्री, वाळत घातलेली लुगडी, मागे क्रिकेट खेळणारी पोरं, म्हणजे जे जे हलतं ते नको. आणि सरळ समोरून, एकाच उंचीवरून, एकाच रांगेत फोटो काढले तर सहा मीटरची नाव मॉडेलमध्ये केळ्यासारखी वाकते. समुद्रात लांबलचक जहाजांच्या मोजणीत हा दोष हमखास येतो. उपाय एकच: तिरपे आणि आडवे-उभे दोन्ही दिशांचे फोटो मधेमधे घालायचे.

आतली बाजू टिपायची असेल तर नाव सुलटी केल्यावर पुन्हा सगळं. दोन मॉडेलं नंतर जोडता येतात, पण पट्ट्या दोन्हीकडे दिसायला हव्यात. पहिल्यांदा पालथी बाजू पुरे.

रात्री दहानंतर

सॉफ्टवेअर बरीच आहेत. मेशरूम फुकट आणि खुलं आहे, फक्त त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. रिअ‍ॅलिटीस्कॅन वेगवान आहे आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना विनामूल्य मिळतं. जगभरचे पुरातत्त्ववाले बहुतेक मेटाशेप वापरतात, ते विकत घ्यावं लागतं. कार्ड नसेल तर पॉलिकॅमसारखं फोनवरचं अ‍ॅप चालेल, पण त्यात आत काय घडतंय ते दिसत नाही आणि मला ते आवडत नाही. मोजणी करणाऱ्याला आपली चूक किती हे दिसलं पाहिजे.

पायऱ्या सगळीकडे त्याच. फोटो टाकायच्या आधी एकेक उघडून पुसट असलेले काढून टाका. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा. मग अलाइन. यात कॅमेऱ्याच्या जागा सापडतात आणि विरळ ठिपक्यांचा ढग दिसतो. इथे थांबून नीट बघा. कॅमेऱ्यांच्या जागा तुम्ही घातलेल्या फेऱ्यांसारख्या दिसताहेत का? एखादा कॅमेरा जमिनीखाली किंवा आकाशात गेला असेल तर तो फोटो बाद. नाव दुहेरी दिसत असेल तर दोन फेऱ्यांना जोडणारे फोटो कमी पडलेत, परत घाटावर जा. इथे दुर्लक्ष करून पुढची बटणं दाबली की कॉम्प्युटर रात्रभर तापतो आणि सकाळी कचरा मिळतो.

ढग बरा असेल तर दाट ढग, मग जाळी, मग त्यावर रंग. मग माप द्यायचं: पट्टीच्या दोन चौकटींवर खूण करायची आणि अंतर भरायचं.

आता वहीतलं ते लपवून ठेवलेलं अंतर काढा. मॉडेलमध्ये नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मोजा आणि ताडून बघा. आम्ही साखळीच्या मोजणीत चेक लाइन घ्यायचो, तीच ही. सहा मीटरला पाच-सहा मिलिमीटरचा फरक असेल तर पाठ थोपटून घ्या. पाच सेंटीमीटरचा असेल तर मॉडेल सुंदर असलं तरी मोजणी नापास. हा फरक किती आला ते मॉडेलबरोबर लिहा, चांगला आला तरी आणि वाईट आला तरी. लोक वाईट आला की लिहीत नाहीत, मग कशावर विश्वास ठेवायचा?

पाण्याखाली

आता पाणी. कृष्णेत उतरू नका. पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत, तिथे कॅमेरा काय करणार! तासगाव-पलूसकडे ज्यांची द्राक्षबाग आहे अशा एखाद्या पाहुण्याचा सिमेंटचा हौद गाठा, थंडीच्या दिवसांत, पाणी निवळलेलं असताना. शेततळ्याकडे मात्र जाऊ नका. प्लास्टिकच्या कागदावर पाय घसरला की चांगला पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही, दरवर्षी त्यात माणसं जातात. विहीर असेल तर कठड्याबाहेरून, आणि एकट्याने नाही.

हौदात जुना नांगराचा फाळ, पितळी घागर, एक-दोन विटा आणि मापाची पट्टी सोडा. एक पांढरी फरशीही सोडा, ती रंगासाठी. कॅमेरा म्हणजे पाण्यात चालणारा छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा, पीव्हीसी पाइपच्या टोकाला घट्ट बसवलेला. पाइप धरून हौदाच्या काठाने हळूहळू फिरवा. दर सेकंदाला एक फोटो आपोआप काढायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. व्हिडिओ काढून त्यातून फोटो वेगळे केले तरी चालतं, पण ते पुसट निघण्याची शक्यता जास्त.

इथे पाण्याचे तीन खोडसाळपणे समजतात. पहिला, वाकडेपणा. पाण्यातून सपाट काचेत शिरताना प्रकाश वळतो, त्यामुळे वस्तू खऱ्यापेक्षा तिसरा हिस्सा मोठ्या दिसतात आणि फोटोच्या कडांना आणखी ताणल्या जातात. म्हणून जमिनीवर ठरवलेलं लेन्सचं कॅलिब्रेशन, म्हणजे तिच्या वाकडेपणाचा हिशेब, पाण्यात वापरायचं नाही. सॉफ्टवेअरला पाण्यातल्याच फोटोंवरून ते नव्याने काढू द्यायचं. पाणबुडे घुमटाकार काच वापरतात ती हा वाकडेपणा कमी करायला. पट्टीचं महत्त्वही इथेच पटतं.

दुसरा, रंग. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच मरतो, मग सगळं हिरवं-निळं. हौदात फारसं जाणवणार नाही, पण पांढऱ्या फरशीवरून रंग सुधारायची सवय लावून घ्या. खोल समुद्रात स्वतःचा दिवा नेल्याशिवाय रंग मिळतच नाही.

तिसरा सर्वांत चिवट: पाण्यातले कण. कॅमेऱ्याच्या शेजारीच दिवा लावला तर प्रत्येक कण उजळतो आणि फोटोभर हिवाळ्यातल्या धुक्यात गाडीचे दिवे लावल्यासारखी पांढुरकी जाळी पसरते. दिवा कॅमेऱ्यापासून दूर, बाजूने तिरपा हवा. पाइपला आडवा तुकडा जोडून त्याच्या टोकाला टॉर्च बांधा आणि दोन्ही तऱ्हेने फोटो घेऊन बघा. हरिपूरला हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, २००५ च्या महापुराने त्यातली पुष्कळ गेली. तसलं एखादं जुनं, रिकामं पेव कुणी दाखवलं, तर टॉर्चच्या उजेडात तेही टिपून बघावंसं मला फार वाटतं. अंधाऱ्या, बंद जागेतला उजेड सांभाळायची उत्तम शाळा होईल. मात्र बंद पेवात हवा कोंदट, माणूस गुदमरतो. उतरायचं नाही, कॅमेराच सोडायचा.

जिथे काहीच दिसत नाही तिथे

खाडीच्या गढूळ पाण्यात कॅमेरा निरुपयोगी. तिथे आवाज पाठवतात. साइड-स्कॅन सोनार होडीमागे ओढतात. ते दोन्ही बाजूंना ध्वनी सोडतं आणि परतलेल्या ध्वनीतून तळाचं चित्र करतं. तळावर उभ्या असलेल्या वस्तूमागे ध्वनी पोहोचत नाही, तिथे काळी सावली पडते. ही सावली मोजणीदाराचं नशीब, कारण तिच्यावरून उंची काढता येते, आणि त्याला शाळेतले समरूप त्रिकोण पुरतात. सोनार तळापासून ६ मीटर वर आहे, सावलीचं टोक सोनारच्या खालच्या बिंदूपासून २४ मीटरवर आहे आणि सावली ४ मीटर लांब आहे. तर उंची म्हणजे ४ गुणिले ६ भागिले २४, एक मीटर. प्रसिद्ध झालेली कुठलीही सोनारची चित्रं घ्या, बाजूला ही मापं दिलेली असतील तर पट्टी घेऊन बसा. एखाद्या दुपारचा मस्त उद्योग आहे, शब्दकोड्यापेक्षा बरा.

मल्टिबीम सोनार एका पट्ट्यात शेकडो ठिकाणची खोली एकदम मोजतं, त्यातून तळाचा उंच-सखल नकाशा निघतो. आणि लोखंड गाळाखाली पुरलं गेलं असेल तर मॅग्नेटोमीटर, म्हणजे लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपणारं यंत्र. समुद्रातला क्रम बहुधा असाच: आधी सोनारने जागा, मग कॅमेऱ्याने रूप.

आपल्या किनाऱ्याकडे

पोरं विचारतात, आपली जहाजं कुठायत? आहेत ना. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचं अख्खं आरमार जळालं. जाळलं इंग्रजांनी, आणि त्यांच्या जोडीला पेशव्यांचं सैन्य होतं. मराठी माणसाने हे वाक्य दोनदा वाचावं. कान्होजींना ज्यांनी सरखेल केलं ती गादी साताऱ्याची, म्हणजे समुद्राचा कारभार या घाटमाथ्यावरूनच चालायचा. तेव्हा सांगली-साताऱ्याच्या माणसाला जहाजांशी काय घेणंदेणं, हा प्रश्न मला कुणी विचारू नये.

शास्त्रशुद्ध काम आपल्याकडेही झालंय. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची रीफवरच्या जुन्या जहाजाचा अभ्यास केला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पाण्याखालची शाखा २००१ मध्ये निघाली, आणि पुढच्याच वर्षी नौदलाच्या मदतीने लक्षद्वीपमध्ये बंगारम बेटाजवळ प्रिन्सेस रॉयल या जहाजाचं उत्खनन झालं. केरळात कडक्करपल्लीला तर जमिनीतच जुनी नाव सापडली.

आणि रामदास बोट. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली, सहाशेहून अधिक माणसं गेली. तिच्याबद्दल बोलताना मॉडेल, मेगापिक्सेल असले शब्द जरा आवरते घ्यावेत. बुडालेलं जहाज पुष्कळदा स्मशानभूमी असतं. थिसलगॉर्मवरही माणसं मेलीत.

त्यामुळे काही गोष्टी पाळा. समुद्रात किंवा धरणात पाणी आटल्यावर काही जुनं दिसलं, तर हात लावू नका, साफ करू नका, ओलं करून फोटो काढू नका. आपल्या कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, १९७२ चा कायदा आहे, ती उचलून घरी आणायची नाही. समुद्रातून वर काढलेलं लाकूड तर हवेत आल्यावर वाळून चिरतं, त्याला वर्षानुवर्षं जपावं लागतं. फोटो काढा, माप ठेवा, कळवा. नवीन जागेचे अक्षांश-रेखांश फोटोसोबत कुठे टाकू नका. फोन फोटोत ते आपोआप लिहितो, पाठवायच्या आधी पुसा.

सांभाळून ठेवणं

शेवटचं, आणि बहुतेकांना हे नकोसं वाटतं. मॉडेलपेक्षा मूळ फोटो महत्त्वाचे. पाच वर्षांनी चांगलं सॉफ्टवेअर येईल, त्याच फोटोंतून अधिक चांगलं मॉडेल निघेल. पण तोवर नाव सरपणात गेलेली असेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवले तर ते आकसतात, त्यांची मापं जातात. कार्डवरून सरळ कॉपी करा. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. सांगलीत "दुसऱ्याच्या घरी" म्हणजे पुराची पातळी चढत नाही अशा घरी. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा तळमजल्यावरची कपाटं कुणाचीच वाचली नाहीत.

फोल्डरला नाव देताना आधी साल, मग महिना, दिवस, मग जागा, मग वस्तू. आत एक साधी मजकुराची फाइल ठेवा: तारीख, वेळ, उजेड, फोन कोणता, पट्टीचं मोजलेलं अंतर, चेक लाइनचा फरक, नावेच्या मालकाची परवानगी आणि त्याने सांगितलेली माहिती. मराठीतच लिहा. मामांची नाव यंदा पावसाआधी पाण्यात जाणार आहे, त्यांनी मागची दोन फळ्यांची जागा बदलायला घेतली आहे. बदलून झाल्यावर त्याच पट्ट्या घेऊन मी पुन्हा जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर रविवारी सकाळी सातच्या आत सरकारी घाटावर यावं, टेप आपापला आणावा.